सरपणावरची कॅटॅलिटिक शेगडी: पुणे परिसरातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी, पानशेत, भोर, मावळ या भागांत शेतघर बांधणारे आणि पुण्याच्या कडेला स्वतंत्र बंगल्यात राहणारे अनेकजण हिवाळ्यासाठी लाकूड जाळणाऱ्या बंद शेगडीची चौकशी करतात. त्यांतील कॅटॅलिटिक प्रकार सर्वांत कमी धूर सोडणाऱ्यांपैकी आहे, परंतु तो नीट समजून घेतला नाही तर निष्फळ ठरतो. पुढील उत्तरे पुण्याचे हवामान, येथे मिळणारे सरपण आणि येथील बांधकामाची पद्धत लक्षात घेऊन लिहिली आहेत.

कॅटॅलिटिक शेगडी साध्या शेगडीपेक्षा वेगळी कशी?

लाकूड तापले की त्यातून प्रथम वाफ आणि नंतर ज्वलनशील वायू बाहेर पडतात, आणि शेवटी कोळसा उरतो. लाकडातील अर्ध्याहून अधिक ऊर्जा या वायूंमध्ये असते. आपण ज्याला धूर म्हणतो तो बव्हंशी हाच न जळलेला ऐवज असतो. तो पेटण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मंद आचेवर चाललेल्या साध्या शेगडीत तेवढे तापमान टिकत नाही, आणि म्हणून ती धुराडे काजळीने भरते व शेजाऱ्यांना त्रास देते. कॅटॅलिटिक शेगडीत धुराच्या वाटेवर चिनीमातीची किंवा पोलादी पत्र्याची बारीक छिद्रांची जाळी बसवलेली असते आणि तिच्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनम या धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. लेप दिलेल्या या जाळीलाच कॅटॅलिस्ट म्हणतात. या लेपाच्या सान्निध्यात धूर २६० अंशांच्या आसपासच जळू लागतो. मोटारीच्या धूरनळीत जे तंत्र वापरतात तेच हे आहे. १९७०च्या दशकात मोटारींसाठी विकसित झालेली चिनीमातीची जाळी पुढच्या दशकात अमेरिकेत शेगड्यांमध्ये आली. त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८मध्ये लाकडी इंधनाच्या शेगड्यांसाठी धुराची मर्यादा घातली. २०२०पासून ही मर्यादा तासाला २ ग्रॅम सूक्ष्म कण इतकी कडक आहे, आणि चाचणी प्रत्यक्ष सरपणावर घेतली असल्यास ती २.५ ग्रॅम धरतात. खरेदी करताना याच आकड्याची विचारणा करावी.

पुण्याच्या थंडीला अशा शेगडीची खरोखर गरज आहे का?

शहराच्या मध्यवस्तीत नाही. पुण्यात आजवर नोंदवलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे आणि ते जानेवारी १९३५मधले आहे. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० ते १२ अंशांच्या आसपास राहतो आणि थंडीच्या लाटेत त्याहून खाली जातो. गच्च वस्तीतील घराच्या भिंती दिवसभराची ऊब रात्री परत देतात, त्यामुळे तेथे रजई पुरते. धरणाच्या काठावरचे, पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर असलेले, चहूबाजूंनी उघडे असलेले घर मात्र पहाटे चांगलेच गारठते, आणि घरात वृद्ध माणसे असतील तर उबेचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आपली थंडी सौम्य आहे, हेच कॅटॅलिटिक प्रकार निवडण्याचे सर्वांत सबळ कारण आहे. कडक हिवाळ्याच्या देशात शेगडी पूर्ण आचेवर चालते आणि पूर्ण आचेवर साधी चांगली शेगडीही बऱ्यापैकी स्वच्छ जळते. आपल्याकडे पूर्ण आच दिली तर अर्ध्या तासात खोलीची दारे उघडावी लागतील. आपल्याला हवी असते ती रात्रभर टिकणारी मंद ऊब, आणि मंद आचेवर स्वच्छ जळणे हे कॅटॅलिस्टचेच सामर्थ्य आहे.

फ्लॅटमध्ये बसवता येईल का?

नाही. स्वतंत्र धुराडे, छपरावरचा हक्क आणि सरपण ठेवायला जागा या तिन्ही गोष्टी सोसायटीच्या इमारतीत मिळत नाहीत, आणि खिडकीतून आडवी नळी काढणे धोकादायक आहे.

किती मोठी शेगडी घ्यावी?

विक्रेता दाखवील त्यातली सर्वांत लहान. माहितीपत्रकातील चौरस फुटांचे आकडे बर्फाळ प्रदेशांसाठी दिलेले असतात. मोठी शेगडी घेऊन ती सतत गुदमरवत चालवली तर कॅटॅलिस्ट पेटण्याइतके तापमानच गाठले जात नाही आणि सगळा खर्च वाया जातो. कमाल उष्णतेपेक्षा किमान उष्णतेचा आकडा पाहावा, कारण आपण बहुतेक वेळ त्याच पातळीवर राहणार असतो.

जागा निवडताना कोणती काळजी घ्यावी?

बिडाची किंवा दगडी आवरणाची शेगडी दीडशे-दोनशे किलोंची, काही वेळा त्याहूनही जड असते, त्यामुळे ती शक्यतो तळमजल्यावर आणि घराच्या मध्यभागी असावी. शहाबादी किंवा कोटा फरशी जळत नाही, ही आपल्या घरांची जमेची बाजू आहे. परंतु फरशीवर धोका नाही म्हणून भिंतीकडे दुर्लक्ष होते. सागवानी तावदाने, प्लायवूडचे पॅनेलिंग, फॉल्स सीलिंगची लाकडी चौकट, पडदे, देवघराची महिरप ही सगळी जळाऊ सामग्री आहे. एकेरी पत्र्याच्या नळीपासून अशा वस्तू किमान ४५ सेंटिमीटर लांब असाव्यात. शेगडीच्या बाजूंना किती अंतर हवे हे निर्मात्याने त्या त्या मॉडेलसाठी चाचणी घेऊन ठरवलेले असते आणि त्यात तडजोड करू नये. लाकूड वर्षानुवर्षे तापत राहिले की ते कमी तापमानालाही पेटू शकते, म्हणून "इतकी वर्षे काही झाले नाही" हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

धुराडे कसे असावे?

शेगडीपेक्षा धुराड्याकडे अधिक लक्ष द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. शेगडी स्वतः हवा ओढत नाही. गरम धूर हलका होऊन वर जातो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत येते, आणि या ओढीवर सगळे अवलंबून असते. कॅटॅलिस्टची जाळी त्या वाटेत अडथळा निर्माण करते, त्यामुळे येथे चांगली ओढ अधिकच गरजेची ठरते.

शेगडीच्या वरच्या टोकापासून मोजल्यास धुराडे निदान साडेचार मीटर उंच असावे. ते छपरातून जेथे बाहेर पडते तेथून किमान ९० सेंटिमीटर वर जावे, आणि तीन मीटरच्या परिघातील कोणत्याही कठड्यापेक्षा, पाण्याच्या टाकीपेक्षा किंवा छपराच्या आढ्यापेक्षा किमान ६० सेंटिमीटर उंच असावे. गच्चीवरील टाकीचा विचार आपल्याकडे हमखास राहून जातो आणि मग वाऱ्याच्या झोतासरशी धूर खाली दाबला जातो. नळी सरळ उभी असावी. वळण अटळ असेल तर ते ४५ अंशांचे असावे आणि अशी वळणे दोनांहून अधिक नसावीत. व्यास शेगडीच्या तोंडाइतकाच ठेवावा, जो बहुधा सहा इंच असतो. काही मोठ्या मॉडेलांना आठ इंच लागतो.

खोलीतील भाग जाड एकेरी पत्र्याचा चालेल, पण छपरातून जाणारा आणि बाहेरचा भाग दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला, स्टेनलेस स्टीलचाच हवा. येथील फॅब्रिकेटर हौसेने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी सुचवतात, कारण ती स्वस्त आणि सहज मिळणारी असते. ती घेऊ नये. तापल्यावर तिच्यावरचा जस्ताचा थर निघून घातक वाफा सुटतात आणि पत्रा लवकर गंजतो.

स्लॅबला भोक पाडायचे असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तुळया आणि सळया कोठे आहेत हे पाहून घ्यावे, कोअर कटिंगनेच भोक पाडावे आणि नळीभोवतीचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्यापूर्वी पाणी सोडून तपासावे. छप्पर मंगलोरी कौलांचे असेल तर वासे आणि रिपा नळीपासून निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर कापून घ्याव्या लागतात. ते काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावे.

सरपण कसे आणि केव्हा वाळवावे?

पुण्यात या शेगडीचे यश डिसेंबरात ठरत नाही, ते त्या आधीच्या उन्हाळ्यात ठरते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास अर्धे पाणी असू शकते. हे पाणी शेगडीत उकळत बसले की भट्टी थंड राहते, धूर वाढतो आणि कॅटॅलिस्ट पेटतच नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. १५ टक्के असेल तर उत्तमच.

आपले हवामान यासाठी एकाच वेळी वरदान आणि संकट आहे. मार्च ते मे या काळातील कोरडे ऊन लाकूड जितक्या वेगाने वाळवते तितके युरोपातील उन्हाळ्यात वाळत नाही. परंतु जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उत्तम वाळलेले लाकूडही, थेंबभर पाऊस न लागता, हवेतली बाष्पे शोषून १८ टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचते. म्हणून क्रम असा ठेवावा. दिवाळीनंतर लाकूड आणून लगेच फोडावे. हाताच्या मनगटाएवढे ते फार तर पाच-सहा इंच जाड असे तुकडे करावेत, कारण ओंडका सालीसकट राहिला तर आतून वर्षभरातही वाळत नाही. विटांवर किंवा लोखंडी अँगलवर जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल अशी चळत रचावी आणि तिची लांब बाजू वाऱ्याकडे ठेवावी. एप्रिल-मेच्या वळवाच्या सरींसाठी वरून झाकण्यापुरता पत्रा जवळ असू द्यावा. मृग लागण्यापूर्वी सगळे सरपण पक्क्या छपराखाली हलवावे, मात्र बाजू उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेले लाकूड आतून बुरसते. ऑक्टोबरच्या उन्हात शेवटचा हात मिळाला की नोव्हेंबरअखेर ते जाळण्यास योग्य होते. घट्ट जातीच्या लाकडाला दोन उन्हाळे द्यावेत.

वखारवाल्याच्या "वाळलेले आहे" या शब्दावर विसंबू नये. दोन टोकांचा ओलावामापक सहज मिळतो. तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर तो टोचावा. बाहेरच्या पृष्ठभागावरचा आकडा फसवा असतो.

आणखी एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. शेतघराच्या लाकडाच्या चळतीत घोणस, फुरसे आणि विंचू आश्रय घेतात. रात्री अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. दुसऱ्या दिवसापुरते सरपण दुपारीच, जाड हातमोजे घालून आणि काठीने हलवून, आत आणून ठेवावे.

कोणत्या झाडाचे लाकूड चांगले?

बाभूळ, ऐन आणि चिंच यांचे निखारे दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे रात्रीच्या भरणीसाठी ही लाकडे उत्तम आहेत. सुबाभूळ लवकर वाळते आणि भरपूर मिळते. नव्याने शेगडी घेणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. निलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळल्यावर तिचे पिळदार धागे कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. आंब्याचे लाकूड मध्यम असले तरी पेटवण्याच्या टप्प्यात उपयोगी पडते. सावर आणि पांगारा हलके असून त्यांत ऊब फारशी नसते.

महापालिका हद्दीत स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या फांद्या आणि बागायतदारांकडची जुनी झाडे हा सरपणाचा अधिक योग्य मार्ग आहे.

काय जाळू नये?

कॅटॅलिस्टच्या लेपाला विषबाधा होते, आणि ती बहुधा दुरुस्त करता येत नाही. शिसे, जस्त, गंधक यांचा अंश असलेली कोणतीही वस्तू आत जाता कामा नये. जुन्या वाड्याच्या पाडकामातली रंगवलेली दारे-खिडक्या स्वस्तात मिळतात, पण जुन्या तैलरंगात शिसे असते. याशिवाय प्लायवूड, एमडीएफ, रासायनिक प्रक्रिया केलेले खांब, रेल्वेचे जुने स्लीपर, दगडी कोळसा, प्लॅस्टिक, थर्माकोल आणि गुळगुळीत रंगीत कागद वर्ज्य आहेत. यंत्रांच्या लाकडी खोक्यांवर एचटी असा शिक्का असेल तर ते केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. एमबी असा शिक्का असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते खोके घेऊ नये. गोवऱ्या, उसाचे पाचट आणि नारळाच्या शेंड्या विषारी नाहीत, पण त्यांची राख आणि क्षार जाळीची छिद्रे बुजवतात. पेटवताना रॉकेल किंवा पेट्रोल कदापि वापरू नये.

शेगडी पेटवण्याची योग्य रीत कोणती?

या शेगडीत बायपास नावाची झडप असते. ती उघडी असताना धूर थेट धुराड्यात जातो आणि बंद केल्यावर तो जाळीतून जातो. पेटवताना बायपास आणि हवेचा खटका, म्हणजे आत येणारी हवा कमी-जास्त करणारी कळ, दोन्ही पूर्ण उघडे असावेत. खाली मध्यम तुकडे, त्यांवर बारीक चिरफळ्या आणि सर्वांत वर काटक्या अशी रचना करून वरून पेटवावे. आग खाली उतरत जाते आणि सुरुवातीचा धूर ज्वाळेतच जळतो. जाळीशेजारच्या तापमापकाचा काटा कार्यक्षम पट्ट्यात, म्हणजे २६० अंशांच्या वर गेला की बायपास बंद करावा. यास साधारण अर्धा तास लागतो. घाई करून थंड जाळीवर धूर सोडला तर तिच्यावर डांबरासारखा थर बसतो. बायपास बंद केल्यावर आणखी पंधराएक मिनिटे हवा मोकळी ठेवावी, मगच ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. खटका एकदम खाली आणला की जाळी विझते.

संध्याकाळी बाहेर अजून उकडत असेल तर थंड धुराड्यातून हवा उलटी खाली येते. अशा वेळी जवळची खिडकी उघडून वर्तमानपत्राचा बोळा बायपासच्या तोंडाशी जाळावा. नळी तापली की ओढ सुरू होते.

जाळी लाल दिसत नाही. ती बिघडली आहे का?

बहुधा नाही. भरपूर धूर मिळतो तेव्हाच जाळी नारिंगी होते. मंद आचेच्या उत्तरार्धात ती काळी दिसत असली तरी काम करीत असते. अंगणात जाऊन धुराड्याकडे पाहावे. निळसर-करडी रेघ लांबवर तरंगत असेल तर कॅटॅलिस्ट काम करीत नाही. काही दिसत नसेल, किंवा पांढरी वाफ दिसून लगेच विरत असेल, तर सर्व ठीक आहे. तापमान ९०० अंशांच्या दिशेने चढू लागले तर मात्र हवा कमी करावी, कारण तेथून लेप आणि जाळी दोन्हींना इजा होऊ लागते.

लाकूड घालताना खोलीत धूर येतो, उपाय काय?

आधी बायपास उघडावा, मिनिटभर थांबावे, दार दोन बोटे उघडून हवा आत जाऊ द्यावी आणि मगच पूर्ण उघडावे. ज्वाळा चालू असताना शक्यतो दार उघडू नये. निखाऱ्यांवरच नवी भरणी करावी. दार उघडे ठेवून बायपास बंद करणे ही मोठी चूक आहे, त्यामुळे ज्वाळा आणि थंड हवा दोन्ही जाळीवर आदळून तिला तडे जातात.

एवढे करूनही धूर येत असेल तर स्वयंपाकघरातील विजेची चिमणी किंवा न्हाणीघराचा पंखा चालू आहे का ते पाहावे. हे पंखे घरातली हवा इतक्या जोराने बाहेर फेकतात की बंद घरात ती भरून काढण्यासाठी धुराड्यातूनच हवा खाली ओढली जाते. शेगडीला बाहेरून थेट हवा पुरवणारी नळी असेल तर हा प्रश्न बराच सुटतो.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे का?

आहे, आणि तो विशेषतः निखाऱ्यांच्या टप्प्यात असतो, जेव्हा डोळ्यांना धूर दिसत नाही आणि नाकाला वासही येत नाही. धुराडे चोंदलेले असेल किंवा ओढ उलटली असेल तर हा वायू झोपेत जीव घेतो. झोपण्याच्या खोलीत आणि शेगडीच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. डोके दुखणे, मळमळ, गुंगी असे घरातल्या एकाहून अधिक जणांना एकदम जाणवले तर प्रथम सर्वांनी बाहेर पडावे. उघडी कोळशाची शेगडी बंद खोलीत उबेसाठी ठेवण्याची सवय आजही काही घरांत आहे. ती कृपया सोडावी.

हिच्यावर आंघोळीचे पाणी तापवता येईल का?

वर पातेले ठेवून पिण्याजोगे कोमट पाणी मिळते. आंघोळीसाठी तांबट आळीतला तांब्याचा बंबच योग्य, कारण त्याची रचनाच त्या कामासाठी आहे. शेगडीत किंवा धुराड्यात स्वतःच्या कल्पनेने पाण्याची नळी बसवू नये. वाफेच्या दाबाने ती फुटू शकते, आणि नळीने उष्णता काढून घेतल्यामुळे कॅटॅलिस्टही थंड पडतो.

पावसाळ्यात काय करावे?

हंगाम संपताच, म्हणजे मार्चमध्येच, राख पूर्ण काढावी आणि धुराडे साफ करून घ्यावे. राख दमट हवेत पाणी शोषते आणि तिच्या क्षारांनी बीड व पोलाद गंजते. पावसाळाभर बायपास आणि हवेचा खटका उघडे ठेवून आत हवा खेळती ठेवावी. धुराड्याच्या टोपीला जाळी असावी, अन्यथा साळुंक्या आत घरटे करतात. पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी, साधारण नोव्हेंबरात, विजेरीने आत पाहून घ्यावे. हंगामाच्या मध्यातही एकदा पाहावे, आणि नळीत तीन मिलिमीटर थर दिसला की ब्रशने साफ करावा. हाच थर पेटला तर धुराड्याला आग लागते.

कॅटॅलिस्टची सफाई कशी करावी आणि तो किती काळ टिकतो?

जाळी पूर्ण थंड झाल्यावर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने हलक्या हाताने राख काढावी. तारेचा ब्रश, खिळा किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरल्यास लेप निघून जातो. आयुष्य साधारण १० ते १२ हजार तास धरतात. आपल्याकडे हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा असल्याने तासांच्या हिशेबाने ती फार वर्षे टिकावी. येथे ती खराब होते ती ओल्या लाकडामुळे, रंगवलेल्या लाकडामुळे आणि छपरातून झिरपलेल्या पाण्यामुळे. दाराची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी कडेची दोरी, हीसुद्धा तपासावी. दहा रुपयांची नोट दारात धरून दार बंद करावे. ती सहज निसटली तर गॅस्केटची दोरी बदलण्याची वेळ आली आहे.

शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना?

योग्य चालवली तर अत्यल्प, पण शून्य नाही. पेटवतानाचा पहिला अर्धा तास धूर होतोच. हिवाळ्यात डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात रात्री थंड हवा तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे पहाटेचा धूर नदीकाठी तसाच रेंगाळतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील प्रदूषणाचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुण्याचे नाव आहे. म्हणून दाट वस्तीत ही शेगडी बसवू नये. जेथे बसवली असेल तेथे ती उत्तररात्री नव्याने पेटवण्यापेक्षा संध्याकाळीच पेटवून मंद चालू ठेवावी, आणि वाऱ्याच्या दिशेला कोणाच्या घरी दम्याचा रुग्ण असेल तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

राखेचे काय करावे?

राखेत निखारे कित्येक दिवस धगधगत राहू शकतात. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर आणि फरशीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत ती कधीही टाकू नये. बागेत मात्र हात राखून वापरावी. पुणे परिसरातली काळी माती मुळातच अल्कधर्मी असते आणि राख तिला अधिक अल्कधर्मी करते, त्यामुळे कंपोस्टच्या ढिगात अधूनमधून मूठभर टाकण्यापलीकडे जाऊ नये. उरलेली चाळून ठेवल्यास तांब्या-पितळेची भांडी घासायला चांगली उपयोगी पडते.